पुढच्या गाडीचा शब्द

युसूफभाई,

तुला माझा रामराम. तुझ्या चाळिसाव्याला जेवून आठ दिवस होत नाहीत तोच मी तुला पत्र लिहायला बसलोय. चार गाडीवानांची पत्रं लिहून द्यायला कागद आणि पेन्सिल मी जवळ ठेवतो, त्यावरून तू मला काय कमी चिडवलंस? "दगडू, कागदावर तू लय शूर आहे बे," म्हणायचास. आज तरी चिडवू नकोस.

मलकापूरच्या स्टेशनावरून मीठ आणि रॉकेल घेऊन निघालेल्या आपल्या चार गाड्या सकाळपासून खडकपूर्णा नदीच्या काठावर अडून आहेत. पाणी चाकाच्या आखाला लागेल एवढं आहे आणि ओढही आहे. पलीकडे घर पाच कोसांवर. या खेपेला पुढची गाडी तुझ्या इस्माईलची. मघाशी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, अब्बा असते तं त्यायनं काय केलं असतं?" मी पेन्सिलीला टोक काढायला लागलो. "पाणी पाहून येतो, मंग सांगा," म्हणून तो उताराकडे गेलाय. तो परत येईस्तोवर मला उत्तर शोधायचं आहे.

निघालो तेव्हा अमिनाभाभीला ताप होता. काल चिखलीत निरोप मिळाला, अजून उतरला नाही. म्हणून पोरगं आईसाठी कासावीस आहे.

आपला रिवाज तूच त्याला शिकवलास. दर खेपेला पुढची गाडी बदलायची आणि नदीवर पुढच्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला थांबा तर थांबायचं, घाला म्हणाला तर घालायची, वाद नाही. फक्त कुणाचा बैल अडला तर सगळ्यांनी थांबायचं. बैलापुढे कुणाचाच शब्द चालत नाही.

वीस वर्षं आपण या वाटेवर होतो, पण मला तू कळला नाहीस. तुझी पाळी असली की गाड्या पाण्यात, माझी असली की झाडाखाली. चारचौघांत मी तुला उतावळा म्हणत आलो. तू मला भित्रा म्हणालास, पण तेही हसत. बरं, तू एवढा धाडसी, तर ओल्या वाकळेवर झोपायला का कुरकुरायचास? दोन दिवसांची भाकरी पुढे आली की तुझं तोंड का वाकडं व्हायचं? मी चिखलात गाडीखाली सुखानं पडायचो, वाळल्या भाकरीवर मिरची घासून खायचो. तरी भित्रा मीच!

चिखलीहून लेकीच्या बाळंतपणाला निघालेली ती साखरखेर्ड्याची म्हातारी आठवते? तुझ्या गाडीत बसून आपलं भांडण ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काऊन भांडता रे? एकाले पाण्याचं भेव आहे, एकाले बसून राह्यचं. भेव तं दोघायलेही आहे." तू तोंड फिरवून बैलांकडे वळलास. मी मात्र जिंकल्यासारखा हसलो. तुला बसून राहण्याचं भय कशाचं असेल, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

ते मला चाळिसाव्याला कळलं. अमिनाभाभी म्हणाली, "तुमाले नाही सांगितलं त्यायनं?" मग तिनंच सांगितलं. तू विशीत असताना दुसऱ्यांच्या गाड्यांबरोबर याच काठावर दोन दिवस थांबला होतास. पाणी उतरलं, घरी पोचलास, तोवर आईला माती देऊन झाली होती. वीस वर्षांत हे तुला माझ्याजवळ एकदाही बोलावंसं वाटलं नाही? याचा मला राग आहे, युसूफ. माहीत असतं तर तुला चारचौघांत उतावळा म्हणायला माझी जीभ रेटली असती का?

आणि मग मला ते तीन दिवस आठवले. सहा वर्षं झाली असतील. पाळी तुझी होती, पाणी आजच्याएवढंच होतं. तू घाला म्हणालास, तसा मी माझ्या बैलाजवळ गेलो. मी म्हणालो, "ढवळ्या लंगडून राह्यला." तू आलास, त्याचा पाय मांडीवर घेतलास, खूर दाबून दाबून पाहिलास. तेल तापवून हळद लावलीस. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. अधूनमधून पलीकडच्या काठाकडे बघत बसायचास. चौथ्या दिवशी पाणी उतरलं आणि ढवळ्या ताठ चालायला लागला. तू एवढंच म्हणालास, "बरा झाला वाटते तुया बैल."

युसूफ, त्याच्या पायाला काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो होतो.

तू ओळखलं होतंस का? खूर पाहून बैलाचं दुखणं सांगणारा तू, तुला कळलं नसेल हे मला पटत नाही. मग चांगल्या पायाला तीन दिवस हळद का लावलीस? माझी लाज राखायला? की नुसतं बसवत नव्हतं म्हणून हाताला काम लावून घेतलंस? मी तेव्हा मनात खूश होतो, की याला कसं थांबवलं. आता त्याची शरम वाटते.

आज मला तसंच सोपं पडेल. "तुया बाप थांबला असता," एवढं म्हटलं की इस्माईल बैल सोडील. बाकीचे दोघे गाडीवान नवे आहेत, माझ्याशिवाय खरं सांगणारं इथे कुणी नाही. त्याला काही झालं तर अमिनाभाभीला कोणत्या तोंडानं भेटू, हेही मनात येतं. पण तिलाच काही झालं आणि तो या काठावर बसून राहिला, तर?

तो येताना दिसतोय. कमरेपर्यंत भिजलाय. तुझ्यासारखाच, पाणी आधी स्वतः चालून पाहतो.

तुला वचन देतो. तू गाडी घातली असतीस हे मी त्याला सांगेन, आणि का, तेही सांगेन. मी थांबलो असतो, मला या पाण्याचं भय वाटतं, हे बैलाच्या आड न लपता सांगेन. पुढचा शब्द त्याचा. मीठ विरघळलं तर विरघळू दे. त्यानं बैल पाण्यात घातले, तर त्याच्या चाकामागचं पहिलं चाक माझं असेल.

तुझा,
दगडू