एका मोटरीला माणसं किती?

२३ सप्टेंबर, सोमवार
उमरग्याला भाषण करून परतले. घसा पार बसलाय. विषय माझा जुनाच: डोकं चालवणारे आणि हात चालवणारे यांच्यात भिंत घातली की समाज एका डोळ्यानं आंधळा होतो. टाळ्या भरपूर पडल्या. टाळ्यांनी भिंत पडत नाही, हेही कळतं आता.

इथं अणदूरला माझ्या थोरल्या भावाच्या, दादांच्या कारखान्यात तर तीच भिंत. मोबाइल स्टार्टरचे डबे इथं बनतात, विहिरीवर इथलेच फिटर बसवतात. शेतकऱ्यानं घरून फोन लावला, गुप्त आकडा दाबला की मोटर चालू. पण त्या डब्यातला प्रोग्राम लिहितात पुण्यातली पोरं. त्यांनी विहीर बघितली नाही, आमच्या हणमंतरावांनी पुणं बघितलं नाही. कारखान्यातले सर्वांत जुने फिटर हणमंतराव पुण्याला 'वरचं हापीस' म्हणतात. तक्रार आली की वरचे म्हणतात डबा खराब, खालचे म्हणतात प्रोग्राम खराब. शिव्या मात्र हणमंतराव खातात, कारण विहिरीवर तेच उभे असतात.

दादांनी नवी मुलगी घेतलीय. रेश्मा. मूळची माकणीची, पुण्यात मोठ्या कंपनीत होती. आज पहिलाच दिवस. आल्या आल्या म्हणाली,
"लिहिणारे आणि चालवणारे एका टेबलावर बसवा, दादा."
दादा : "टेबल लहान हाय."
"मग सतरंजी टाकू."
ही मुलगी मला आवडणार.

३० सप्टेंबर, सोमवार
दादा आणि रेश्मा यांची जुंपली. कारखान्याची रीत अशी, की वर्षभरात जे काही नवं सुचेल ते साठवायचं आणि दसऱ्याला, नारळ फोडून, सगळ्या डब्यांत एकदम सोडायचं. फोनवरूनच जातं ते, विहिरीवर जावं लागत नाही.

रेश्मा : "वर्षाची धुणी एकाच दिवशी एका हौदात टाकली, तर रंग कुठल्या कपड्याचा गेला ते कसं कळणार? रोज थोडं थोडं सोडा. आधी पाच डब्यांत, मग पन्नास. बिघडलं तर लगेच मागं घेता येतं."
दादा : "सोनं दसऱ्याला लुटतात पोरी, कुठल्याबी मंगळवारी न्हाय."
मी अंधश्रद्धेवर कितीदा बोलले असेन. पण आज गप्प राहिले. मोठ्या भावासमोर हे असं होतं.

१२ ऑक्टो., दसरा
डब्यांना झेंडू, पान्या-पकडींना आपट्याचं सोनं. पुण्याहून निखिल (प्रोग्रामवाल्यांचा मुख्य) व्हिडिओवर. दादांनी नारळ फोडला, तिकडं त्यानं बटण दाबलं. वर्षाचे सगळे बदल एका दमात गेले. पेढे. रेश्मा हाताची घडी घालून उभी होती. पेढा मात्र घेतला. दोन घेतले.

१४ ऑक्टो., सोमवार
सकाळपासून फोन. मोटरी चालू होईनात. सगळ्या नव्हे, थोड्याच. कुठल्या, काही सूत्र लागत नाही. हणमंतराव मोटरसायकलवरच. पुण्याचं उत्तर : "इथून सगळं नीट दिसतंय."
रबीची पेरणी, जमिनीत ओल नाही. आत्ता पाणी चुकलं तर हरभरा वर येणार नाही.

१६ ऑक्टो., बुध.
माकणीला गेलो, मी, रेश्मा, हणमंतराव. विहीर एक, चुलतभाऊ तिघं, पाण्याची पाळी ठरलेली. थोरल्याच्या फोननं मोटर चालू होते, धाकट्या दोघांच्या नाही. धाकटा कुऱ्हाडीचा दांडा घेऊन बांधावर.
"थोरल्यानं पुण्यात पैसे चारले आन् माझा फोन बंद केला!"
थोरला : "आरं, मला माझ्या फोनचा आवाज कमी करता येईना, तुझा कुठनं बंद करू?"
बायका हसल्या. त्यानं धाकटा जास्तच भडकला.

मी भाषणाला तोंड उघडणार तेवढ्यात रेश्मा विहिरीच्या काठावर टेकली, निखिलला फोन लावला आणि फोन त्या दोघांच्या मधे धरला. पाच मिनिटं त्याला अख्खं भांडण ऐकवलं. आयाबहिणींवरच्या शिव्यांसकट.
मग म्हणाली, "हे 'नीट दिसतंय'. आता सांग, काय बदललं होतं?"
त्यानं यादी काढून एकेक बदल वाचायला घेतला. मग कळलं. दसऱ्याच्या गठ्ठ्यातला एक बदल : मोटर एक, तर फोन एकच. चोरून कुणी मोटर चालवू नये म्हणून. डब्यात ज्याचं नाव पहिलं, त्याचाच फोन चालणार. सामाईक विहिरीची पाळी ही गोष्ट पुण्यात कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

आयुष्यभर मी भिंतींवर बोलले. भिंत कशी पाडतात ते आज पाहिलं. फोन मधे धरायचा, बस.

१८ ऑक्टो., शुक्र.
सगळे बदल एकमेकांत गुंतलेले, म्हणून एक काढायला सगळेच काढावे लागले. दोन दिवस. आज संध्याकाळी माकणीहून फोन, तिन्ही फोन चालतात. धाकटा थोरल्याशी अजून बोलत नाही.

दादा रात्री जेवताना : "कुणामुळं झालं? नाव पायजे मला."
रेश्माला सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, उद्या सगळ्यांना बसवते. एकच अट. काय झालं, कसं झालं, विचारू. कोण, ते विचारायचं नाही. नाव विचारलं की माणसं खोटं बोलतात."
कबूल केलं. दादांकडूनही कबूल करून घेतलं, मोठ्या मुश्किलीनं.

१९ ऑक्टो., शनि.
सतरंजी टाकली खरंच. निखिल आणि त्याचे दोघं पहाटेच्या बसनं आले. समोर फिटर. मधे चहा. सगळ्यांच्या डोक्यावर ती भिंत, जिच्यावर दादांनी लाल रंगानं लिहून घेतलंय : गुप्त आकडा डब्याच्या मालकाशिवाय कुणाला दिल्यास कामावरून कमी.

नियम पहिला मीच मोडला. "ही बेजबाबदार वृत्ती..." असं सुरू केलं. रेश्मानं हात वर केला.
"अक्का, हे भाषण झालं. काय झालं ते राहिलं."
मला असं आजवर कुणी अडवलं नव्हतं. कानशिलं तापली. तरी थांबले. थांबल्यावर ऐकू येतं, हा साधा शोध या वयात.

निखिल : "मी उन्हाळ्यात फोनवर विचारलं होतं. एका मोटरीला माणूस एकच ना? 'व्हय' म्हणाले."
दादा : "कोण म्हणालं?"
रेश्मा : "दादा. अट."
हणमंतराव चहाच्या रिकाम्या पेल्यात बघत होते.

मग तिनं पुढचं विचारलं. विचारणाऱ्याला विहीर माहीत का नव्हती? उत्तर देणाऱ्याला खरं सांगायला काय आड आलं? पहिल्याचं उत्तर निखिलनंच दिलं, मान खाली घालून : "आलोच नव्हतो कधी." दुसऱ्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

११ नोव्हें., सोमवार
दिवाळीनंतर कारखाना ओळखू येत नाही. निखिल महिनाभरासाठी इथंच, बसस्टँडमागं खोली घेऊन. रेश्मानं भिंतीवर आठ डबे ठोकलेत, मोटरीच्या जागी दिवे. पुण्यात कुणी एक ओळ बदलली तरी ती आधी या आठ डब्यांत शिरते. आपोआप. आठही दिवे लागले, विझले, परत लागले तरच पुढं. त्यातला एक डबा तीन फोनचा. त्याला फिटरांनी 'माकणी' नाव ठेवलंय.

मग पाच ओळखीच्या विहिरी. मग सगळीकडं. दसरा आता रोज दुपारी होतो, दिवसाउजेडी, सगळे जागेवर असताना. नारळ नाही. दादा कुरकुरतात, पण बारा वाजले की दिव्यांसमोर खुर्ची टाकून बसतात.

तक्रारींचा फोनही आता पाळीनं घेतात. लिहिणाऱ्यांनीसुद्धा घ्यायचा. निखिलच्या पाळीत एका आजोबांनी त्याला अर्धा तास कानडी-मराठीत झोडलं. तो हणमंतरावांना विचारत होता, "मामा, 'बेकूफ सूळेमगा' म्हणजे?"
हणमंतराव : "तुमी लई भारी काम करता, असं म्हणाले."
निखिल : "मग दोनदा म्हणाले ते."

हे लिहून ठेवते, कारण माझ्या कपाटात समतेवरची पुस्तकं दोन भिंती भरून आहेत. आणि समता मला दिसली ती या सतरंजीवर, जिथं ज्यानं लिहिलं त्यालाच शिव्या ऐकाव्या लागतात आणि ज्यानं ऐकल्या त्याला बदल सुचवता येतो.

३ डिसें., मंगळ.
देव नळदुर्गला गेला. खंडोबा एक, गावं दोन. दोनेक महिने तिकडं, बाकी इकडं. न्यायला नळदुर्गकर आले होते, द्यायला अणदूरकर उभे. दोघांसमोर करार वाचला : किती दिवस, पूजा कुणी, परत कधी. मग पालखी उचलली. लहानपणापासून बघतेय.

रेश्मा शेजारी होती. हणमंतराव तिला म्हणत होते, "बघ पोरी. आमचं काम झालं, आता तुमचं तुमी बघा, असं म्हणून देव शिवंवर ठिवून येत न्हाय कोण. दोन्ही गावं समोरासमोर हुबी राहत्यात."
ती म्हणाली, "मामा, हे मला पुण्यात समजवायला वर्ष गेलं असतं."
हणमंतराव हसले नाहीत.

९ डिसें., सोमवार
दुपारी हणमंतराव घरी आले. बसायला सांगितलं तर उंबऱ्यातच उभे.
"अक्का, ते 'व्हय' म्याच म्हणलो."

माझ्या मनात आधीच होतं, तरी ऐकून धसका बसला. मग त्यांनी सगळं सांगितलं. सामाईक विहीर असली की गुप्त आकडा ते सगळ्या भावांना देत आले. न देऊन कसं चालणार? पाळी तिघांची आणि आकडा एकाला, म्हणजे रोज भांडण. पण भिंतीवर लाल अक्षरं. उन्हाळ्यात निखिलनं विचारलं. 'माणसं तीन' म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, तिघांना आकडा कुणी दिला? म्हणून 'व्हय.'

"आता समद्यांपुढं सांगायचंय. दादांपुढं."
मी : "दादा काढून टाकतील, हणमंतराव."
"ठाव हाय."
"कशाला मग? दिवे लागतायत, सगळं नीट चाललंय. नाव कुणी विचारत नाही."
"म्हनून तर. निखिल पोरगं रोज आपली चूक सतरंजीवर मांडतं. म्या माझी झाकून त्याच्याशेजारी बसतो. आन् परवाच दुसऱ्या फिटरनं तसंच 'व्हय' म्हणलं, म्या ऐकलं. त्याला बी भिंतीचं भ्या."

मी म्हणाले, मी बोलते दादांशी. माझ्या आवाजात जे काही असेल ते सगळं पणाला लावते.
त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुमी बोलला तर दादा तुमचं ऐकतील. माझं ऐकायचं राहूनच जाईल."

रात्री तरी कागद घेऊन बसले. न्यायावर, भयावर, श्रमावर चार पानं लिहिली. चांगली होती. फाडली.

११ डिसें., बुध.
सतरंजी. सगळे. दादा खुर्चीवर, दिव्यांकडं तोंड करून. रेश्मा म्हणाली, दसऱ्याच्या वेळचा एक प्रश्न उत्तराविना राहिला होता, आज कुणाला तरी त्यावर बोलायचंय.
दादा माझ्याकडं वळले. "तू बोलणार?"
"नाही. हणमंतराव बोलणार. तुम्ही ऐका."

उभे राहिले. त्या लाल अक्षरांच्या बरोबर खाली, दुसरी जागाच नव्हती. आवाज लहान. माकणीच्या तीन भावांपासून सुरुवात केली, मग आकडा, मग उन्हाळ्यातला फोन. स्वतःला सोडलं नाही, दुसऱ्या कुणाला ओढलं नाही. शेवटी म्हणाले, "भिंत वाचून म्या खोटं बोललो. भिंत न वाचता आज खरं बोलतोय. पुढचं दादांच्या हातात."
मी हजारोंच्या सभा हलवल्या असतील. असं एक वाक्य मला जमलं नाही.

निखिल उठला, त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग तो दुसरा फिटरही उठला : "माझं बी एक 'व्हय' हाय, दादा. परवाचं." रेश्मानं लगेच विचारलं, "कुठल्या विहिरीचं?" आणि निखिलनं त्या 'व्हय'वर बेतलेला बदल पुढं जायच्या आत थांबवला. हरभऱ्याला पाणी चाललंय तिथं. आठही दिव्यांत ही चूक दिसली नव्हती.

दादांनी हे सगळं पाहिलं. हणमंतरावांना राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. चष्मा काढला, पुसला, भिंतीवरचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, जणू दुसऱ्या कुणी लिहिलाय.

जाताना दारात मला विचारलं, "रंगारी कोण हाय आता गावात?"
"कशाला?"
"भिंत रंगवायची."
"काय लिहायचंय?"
"ते ठरलं न्हाय," म्हणाले, आणि गाडीकडं न जाता परत आत गेले. हणमंतराव अजून तिथंच उभे होते.