मोकळी सोडलेली ओळ

नाशिक, ५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. बाबा बरे आहेत, गुडघा सोडून. तरी रोज सकाळी रामकुंडावर जातातच. यजमानांच्या वंशावळीच्या वह्यांना मला हात लावू देत नाहीत; म्हणतात, तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तू पाठवलेल्या तिन्ही स्थळांचे फोटो पाहिले. मुली चांगल्या आहेत. त्यांचा काही दोष नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. एचआयव्ही कुणाकडून कुणाकडे जातो, याचं मी गणित मांडतो. मालट्रकचे ड्रायव्हर, पुरुषांशी संबंध असलेले पुरुष, असे ज्यांना धोका जास्त त्यांचं. तपासणी वाढवली तर किती जण वाचतील, औषधं लवकर दिली तर किती, हे आधी संगणकावर पाहायचं.

यंदा लासलगावच्या कांदा मार्केटात माल भरायला थांबलेल्या ड्रायव्हरांकडून माहितीचे फॉर्म भरून घेतले. एकसष्ट जणांनी नेमका एकच प्रश्न मोकळा सोडला: पुरुषाशी संबंध आला आहे का? मी तिथे सरळ शून्य, म्हणजे 'नाही', भरलं. उत्तर इतकं गोड आलं की साहेब खूश.

बाबा मागून बघत होते. त्यांना माझं गणित कळत नाही, पण रिकाम्या जागा कळतात. म्हणाले, "अरे, आमच्या वहीत यजमानाचा एखादा भाऊ कधीच कुंडावर आला नाही, तरी त्याची ओळ आम्ही मोकळी ठेवतो. आला नाही म्हणजे जन्मलाच नाही, असं कोण लिहितं?"

ताई, मी ती शून्यं खोडली. कारण ड्रायव्हरांना देण्याआधी तो फॉर्म आम्ही स्वतः भरून पाहिला होता, आणि तो प्रश्न मीही मोकळा सोडला होता.

मोकळी ओळ म्हणजे 'कदाचित हो' असं धरून गणित पुन्हा केलं. उत्तर कडू आलं, लागण आधीच्या आकड्याहून बरीच जास्त. घरी कळेल म्हणून जो गप्प बसतो, तोच तपासणीला सगळ्यांत उशिरा येतो. साहेब रुसले, पण आता मार्केटात नाव न विचारता तपासणी सुरू होतेय.

तर आता माझी ओळ भरतो. आपल्या वरच्या खोलीत माझ्यासोबत राहणारा ललित नुसता रूममेट नाही. सहा वर्षं तो माझा माणूस आहे. तोच, ज्याला तू बेसनाचे लाडू दिलेस आणि "याच्यासाठीही बघते हं एखादी" म्हणालीस. बिचारा तोंडात लाडू धरून माझ्याकडे बघत राहिला. सध्या दिंडोरीला द्राक्षांच्या छाटण्या चालू आहेत, हाताला फोड घेऊन घरी येतो.

आणखी एक. त्याला एचआयव्ही आहे, आमची ओळख होण्याच्या आधीपासून. रोज गोळी घेतो, आणि तपासणीत विषाणू सापडतच नाही इतका दबलाय. अशा माणसाकडून जोडीदाराला लागण होण्याची शक्यता शून्य. हे शून्य मी रिकाम्या जागेत भरलेलं नाही, ते मोजलेलं आहे. माझी तपासणी मागच्याच महिन्यात झाली, मला काही नाही. हे आधी लिहायला हवं होतं, पण माझी हिंमत अशीच रखडत येते.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुझ्याशिवाय जमणार नाही. शाळेतलं प्रगतिपुस्तकसुद्धा त्यांना तूच दाखवायचीस.

भाऊबीजेला सांगलीला येतोय. फोन करू नकोस, दोघंही रडू आणि बोलणं राहून जाईल. पाट किती मांडणार, एवढंच लिही. एक म्हणालीस तरी मी येईन. दोन म्हणालीस तर ललितला नवा सदरा शिवायचाय, म्हणून जरा लवकर कळव.

उत्तर येईपर्यंत तुझा, आणि उत्तर काहीही आलं तरी तुझाच,
आल्हाद