नावेच्या उतारावरची द्राक्षं

४ जून

आजही जेवताना तेच! बसवेशभाऊजी : "वैनी, शिरोळात ऊस सोडून द्राक्षं? ती बी दारूची!" आमचं लिंगायताचं घर, थेंबही कुणी तोंडाला लावत नाही. मीसुद्धा! पण आपला ऊस कारखान्यात गेला की मळीची पुढं दारूच करतात ना, असं विचारलं — भाऊजींनी आमटीची वाटी तोंडाला लावली.

सासूबाईंचा निकाल : "ह्या पावसाळ्यात वेली तगल्या तर ऱ्हाऊ देत. न्हाईतर उपटायच्या, उसाची लागण करायची."

११ जून

कोपऱ्यातल्या खांबासाठी खड्डा घेतला. वरची काळी माती संपली आणि खाली — गोटे! गुळगुळीत, नदीतले. पंचगंगा तर पार तिकडं, उसाच्या पलीकडं. माझ्या तुकड्याला सगळे "नावेचा उतार" म्हणतात. पाणी नाही तिथं नाव कुठली? लग्न होऊन आल्यापासून विचारतेय. आज सासूबाई बोलल्या : "आपल्या घरातली पयली सून नावेतनं हितंच उतरली म्हणं."

म्हणजे नदी इथूनच वाहायची! मग सरकली. संथ नदी सपाटीला आली की वळणं घेते, जुनी वाट गाळानं बुजवून नवी धरते — जन्मभर शाळेत पोरांना भूगोलाच्या तासाला हेच शिकवलं, आणि स्वतःच्या रानात दिसलं नाही! गोट्यांतून पाणी झिरपून जाणार. वेली तगणार!

भाऊजी खो खो हसले. "पुस्तकातली नदी!"

२७ जुलै

पंचगंगा पुढं जिला मिळते ती कृष्णा फुगली. पंचगंगेला पुढं जायला वाट नाही, ती मागं तुंबली. येताना आवाज नाही, काही नाही. सकाळी रान होतं, दुपारी पाणी. गच्चीवरून वेलींचे शेंडे तेवढे दिसत होते. रडले. खूप रडले.

३ ऑगस्ट

उभ्या आहेत! चिखलानं माखल्यात, पानं गेलीत, पण बुडाशी पाणी नाही आणि डोळे फुटायला लागलेत. बांधापलीकडं भाऊजींच्या उसात अजून गुडघाभर पाणी, शेंडे कुजून वास सुटलाय. जिंकले! बांधावर उभी राहून ओरडले, शेजारच्या म्हशी बिथरल्या. भाऊजींचं तोंड बघून मग लाज वाटली. जराशीच.

संध्याकाळी स्वतःच आले. "वैनी, माझ्या तुकड्याखालनं बी नदी गेलीया का बघा की."

सासूबाईंचा निकाल मात्र अजून बाकी. जीव टांगणीला.

४ ऑगस्ट

पूर ओसरला की इथं बायका नदीची ओटी भरतात. सासूबाईंनी खण-नारळ घेतला, मी मागोमाग. घाटाची वाट सोडून त्या वळल्या — थेट द्राक्षांत! "दारूचं रान" म्हणून आजवर बांधही न ओलांडलेली बाई. खांबाच्या खड्ड्यातून निघालेल्या गोट्यांवर ओटी ठेवली, हात जोडले.

"बसवेशला सांग. ओटी भरलेल्या जागंला नांगर लावत न्हाईत."