मंगळवारचं दार

सोमवार, ३ जून
अक्कल कुठे गहाण टाकली या संशोधनवाल्या शहाण्यांनी! दोन वर्षं घरोघर फिरले — एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला बायका का येत नाहीत? बायकांनी सांगितलं ना: दवाखान्यात या गोळ्यांना वेगळा वार, वेगळं दार. मंगळवारी त्या दाराशी उभं राहिलं की अख्ख्या गावाला कळतं. आता हा शोध जगाला सांगायचा म्हणून काय केलं? चितेंजे छापली! कमरेला गुंडाळायची कापडं, हिरवीगार. वर अक्षरं — 'आमची गोष्ट आमच्यापाशी'. आणि वाटली कुणाला? ज्यांनी उत्तरं दिली त्यांनाच!
आता मंगळवारची गरजच नाही. पाठमोरीसुद्धा ओळखू येते.

मंगळवार, ४ जून
माझी नात, ताडाला तिचं नाव, आज दवाखान्यात गेलीच नाही. कापड मक्याच्या कोठीत खुपसलंय. "आजी, बाजारात विचारतात, तुला कधीपासून गं?" पोटात पाचवा महिना, गोळ्या सोमवारपर्यंतच्या. भित्री मेली!

गुरुवार, ६ जून
लांब झोम्बा शहरात बहिणीकडे जाऊन आले. पाय सुजले.

शुक्रवार, ७ जून
संशोधनवाली न्यिरेंडाबाई आली. "आजी, अहवाल जिल्ह्याच्या साहेबांना दिलाय. एकशे चाळीस पानं."
"वाचला?"
"पोचला."
पोचायला काय, म्हातारपणही पोचतं!
कापडं किती उरली विचारलं. ऐंशी. म्हटलं, सगळ्या बायकांना वाट. मुखियाच्या बायकोला पहिलं. फुकटचं सोडते होय ती!

सोमवार, १० जून
आंब्याखाली सभा. सुईण, चर्चच्या गाणाऱ्या, मुखियाची बायको — जिकडे तिकडे हिरवं. जिल्ह्याचे साहेब आले ते घाबरलेच. "एवढ्या सगळ्या आजारी?"
"ओळखा की," मी म्हटलं. "यातल्या कोण?"
एकेकीचं हिरवं न्याहाळलं. घाम पुसला.
"नाही ना ओळखता येत? तुमच्या दारातून मात्र येतं. ते बंद करा. ताप-खोकल्याच्या रांगेतच गोळ्या द्या."
"राजधानीला, लिलोंग्वेला विचारावं लागेल."
न्यिरेंडाबाई पटकन म्हणाली, "अहवालात हेच आहे, साहेब. पान नव्वद." नव्वद! पहिल्या पानावर काय हिचा फोटो होता?
ताडालाची शेवटची गोळी आज संपली.

मंगळवार, ११ जून
हिरवं गुंडाळून मंगळवारच्या दाराशी पहिली उभी राहिले. मुखियाची बायको समोरच्या ताप-खोकल्याच्या रांगेतून ओरडली, "नातीचं औषध न्यायला आलीस?"
"नाही. माझंच. नऊ वर्षं झाली."
झोम्ब्यात मला बहीण नाही; तिथल्या दवाखान्यातून गोळ्या आणते. या वहीलाही सांगितलं नव्हतं. भित्री मेली!
मागे वळले, तर रांगेत ताडाला उभी.
आता तिला कुणी काही विचारायचं नाही. विचारायचं ते साहेबाला: हे दार वेगळं का? उत्तर त्यानेच द्यायचं — इथे, या दाराशी उभं राहून.