अंगणात काय आहे?

प्रिय बाबा,

हे पत्र हातानं लिहितेय, कारण फोनवरच्या आवाजाला तुम्ही सध्या उत्तर देत नाही, माझ्याही नाही. राघोत्तमकाका उद्या सकाळी चेन्नईजवळच्या त्यांच्या कोवलमला परततायत. पत्र त्यांच्याकडे देते म्हटल्यावर ते नेहमीसारखं तमिळमध्ये “सेरी, सेरी”, म्हणजे बरं बरं, म्हणाले आणि पुढे म्हणाले, “तुझा बाप माझ्या ओसरीवर बसून लाटा मोजतोय, एवढंच काम.” तुमच्याबरोबर वीस वर्षं लष्कराच्या सिग्नल विभागात काढलेला माणूस आहे तो, तुम्हाला हसवायचा प्रयत्न करतोय. हसत जा थोडं.

आई सांगत होती की तुम्ही सोमवारी ऑफिसला जाल ते फक्त राजीनामा द्यायला. तिनं ते इतक्या हळू सांगितलं की मी पुन्हा विचारलं. मग आम्ही दोघी गॅसवरच्या दुधाकडे बघत उभ्या राहिलो आणि दूध उतू गेलं.

तुम्हाला तो फोन आला त्या दुपारपासून मला एक स्वप्न पडतं. कोवलमचा किनारा असतो, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, सगळं धुक्यात असल्यासारखं पांढुरकं. पाण्याच्या बाजूनं माझाच आवाज येत असतो. मी वाळूवर उभी असते, तोंड मिटलेलं, आणि आवाज मात्र तिकडून, रडवेला. गंमत म्हणजे तो आवाज मी कधी ऐकलेलाच नाही. ऐकलात तो तुम्ही. कुठून उचलला असेल त्या भामट्यांनी? महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी सूत्रसंचालन केलं होतं, त्याचा व्हिडिओ अजून नेटवर आहे. तो काढून टाकायला सांगितलंय मी. उशीर झाला, तरी सांगितलं.

आपली ती छावणी आठवते? जवळ शाळा नव्हती म्हणून माझी शाळा स्वयंपाकघरात भरायची. आईकडे वाचन आणि कविता, तुमच्याकडे गणित. सुट्टीवर आलात की ताटलीवर चमच्यानं मोर्सचे ठिपके आणि रेघा वाजवायचात आणि मी पोळीचा घास तोंडात धरून अक्षरं ओळखायची. दाराचा नियमही तेव्हाचाच. दार वाजलं की आतल्यानं विचारायचं, “अंगणात काय आहे?” बाहेरच्यानं म्हणायचं, “शेवगा.” अंगणात होती फक्त पाण्याची टाकी, आणि म्हणूनच ते उत्तर बाहेरच्या कुणाला सुचलं नसतं. मी सहा वर्षांची असताना तुम्ही सीमेवरून अचानक आलात. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. “ऊर्मी, उघड गं, मी बाबा.” मी प्रश्न विचारला. तुम्ही इतके दमला होतात की पुन्हा “अगं मीच” एवढंच म्हणालात. मी उघडलं नाही. आई कँटीनमधून येईपर्यंत तुम्ही ट्रंकेवर बसून राहिलात. आणि मग मला उचललंत ते थेट डोक्याच्या वर. छताचा पंखा मला इतक्या जवळून त्याआधी कधी दिसला नव्हता. आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतात की माझ्या पोरीनं मला दाराबाहेर ठेवलं.

नंतर आपण चेन्नईत आलो, तुम्ही निवृत्त झालात आणि ओरगडमच्या त्या गाड्यांच्या कारखान्यात फाटकावर सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागलात. तिथल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणीतरी चिठ्ठीवर लिहून स्क्रीनलाच चिकटवला होता, हे सांगताना तुमचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी बंदूक बसच्या सीटवर विसरून गेलंय. तिथून हे सगळं सुरू झालं. माझी अकरावी आणि तुमची कॉम्प्युटर-सुरक्षेची परीक्षा एकाच जेवणाच्या टेबलावर. मी तुमचे प्रश्न घ्यायची आणि तुम्ही चुकलात की ताटलीवर चमचा वाजवायची. क्लासमधली मुलं तुम्हाला ‘अंकल’ म्हणायची, पुढे तीच मुलं तुमच्या हाताखाली आली. नुंगंबाक्कमच्या ऑफिसात काचेच्या दारावर ‘प्रमुख, माहिती सुरक्षा’ ही पाटी लागली तेव्हा आई ती पाटी पदरानं पुसत होती. नवीच होती, तरी.

त्या दिवशी मी लॅबमध्ये होते. आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे आणि मी तो पाळते, हे तुम्हाला माहीत आहे. रक्ताचे रिपोर्ट मी दोनदा बघते, घरून निघताना कुलूप दोनदा ओढते. शेजारची कनका मला हसते त्यावरून. तर, काचेतून मला तुम्ही दिसलात. घरातल्या चपला, शर्टाचं वरचं बटण उघडं. मी बाहेर आले. तुम्ही माझ्या डोक्यावर, मग दोन्ही दंडांवर हात फिरवलात, हाडं जागेवर आहेत का बघावं तसा, आणि तसेच निघून गेलात.

बाकीचं तुमच्या हाताखालच्या शरण्यानं सांगितलं. माझ्या आवाजात कुणी रडत होतं, अपघात झालाय, हॉस्पिटलवाले विम्याचं कार्ड मागतायत, ते तुमच्या ऑफिसच्या साइटवर आहे, ती उघडायला तुमच्या फोनवर आलेला ओटीपी नंबर सांगा. तुम्ही सांगितलात. तिला तुमच्या खात्यात कुणी परका शिरलेला दिसला, तिनं फोन केला, आणि तुम्ही म्हणालात, “बंद कर. नंबर मीच दिला.” ती म्हणते, सर आम्हाला शिकवतात की चुकलात तर पहिल्या मिनिटाला सांगा, तेच त्यांनी केलं, मग जायचं कशासाठी? फार काही बाहेर गेलं नाही, असंही म्हणाली. तुम्हाला त्यानं बरं वाटणार नाही, ते मला ठाऊक आहे.

सोमवारी नवी मुलं येतायत. मी तुम्हाला दाराबाहेर ठेवल्याची गोष्ट तुम्ही नव्या मुलांना दरवर्षी सांगता. या वेळी ही दुसरी सांगा ना. राजीनामा देणारा माणूस ती सांगू शकणार नाही, आणि तुमच्याइतकी ती कुणालाच माहीत नाही.

पण खरं तर मी हे लिहायला बसले ते यासाठी नाही. बाबा, त्या पंख्यापाशी उचलून धरलंत तेव्हापासून मी समजत आले की तुम्हाला मी आवडते ती नियम पाळते म्हणून. म्हणून सगळं दोनदा तपासत राहिले, एखादी गोष्ट निसटली तर तुम्ही मला खाली ठेवाल असं वाटून. हे कधी बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. आणि मग कुणीतरी माझ्या आवाजात रडलं आणि तुम्ही, तुम्ही बाबा, एकदाही तपासलं नाहीत. शेवगा आठवला नाही तुम्हाला. तुम्हाला त्याची लाज वाटतेय, ती मी काढून घेऊ शकत नाही. पण त्या दुपारी विचारायचं राहिलं ना, ते राहिलेलं मी माझ्यापाशी ठेवून घेतलंय. कुलूप आज मी एकदाच ओढलं. सोमवारी सकाळी तुम्हाला ऑफिसला न्यायला येईन, काकांचं दार वाजवीन. आवाज माझाच असेल, तरी उघडू नका. आधी विचारा.

दाराबाहेर थांबलेली, तुमचीच
ऊर्मी