दारातली घोंगडी

आबा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, हे आधीच सांगते. मायेनं लिहीत नाही. "पोरीला पाटी कशाला? गवऱ्या थापायला?" म्हणून तुम्ही मला अक्षर शिकू दिलं नाहीत, ते नवऱ्यानं शिकवलं, इथं भोरात आल्यावर. कालपासून समोरचा डोंगर पेटलाय. परसातल्या वांगी-मिरच्यांवर, दुधीच्या वेलावर राख उतरतेय आणि सकाळपासून मी ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसतेय, आई पुसायची तसंच. डोळ्यांना धार लागली नि तुमची आठवण आली. चांगली नव्हे.

पाली गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत आपलं घर. दर फाल्गुनात तुम्ही वाळल्या गवताला काडी लावायचात. जुनं जळलं की पावसात नवं जोमानं फुटतं, गुरं पोसतात, हे तुमचं शास्त्र. सगळेच लावायचे म्हणा, पण सगळ्यांच्या घरात दमेकरी बाई नव्हती. त्या वर्षी आईनं चुलीपुढून उठून तुम्हाला हात जोडले. मी तिथंच दारात बसले होते. "यंदा नगा पेटवू वो. धूर हितंच दरीत बसतोय. माजा जीव ऱ्हात न्हाई." तुम्ही तंबाखू मळत होतात, वर बघितलंसुद्धा नाहीत. "तुज्या दम्यावर गुरं जगत्यात व्हय?" म्हणालात, आणि खांद्यावर घोंगडी टाकून चालू लागलात. मेलेल्याला वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. दगड होतात तुम्ही.

आई मग आपल्या परीनं तयारीला लागली. घरात उरलेली एकच घोंगडी तिनं पाण्यात बुडवून दाराला टांगली, म्हणजे धूर आत कमी येतो. सुकली की मी पुन्हा भिजवायची. आणि सकाळी उठून, दर चार पावलांवर थांबत, ती परसात जायची. तिथं मांडवावर तिचा दुधीचा वेल होता, भांड्यांच्या पाण्यावर वाढवलेला. त्याला नुकते तीन दुधी धरले होते, बोटाएवढे. ती त्याची पानं पुसायची आणि तुम्ही ओसरीवरून हसायचात. "पानं कसली पुसतीस? देव्हाऱ्यातले टाक हायेत व्हय ते?"

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. तुम्ही वर डोंगरात आहात. आई आत भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात रोवून बसलीय. तिला आडवं होता येत नाही. परसात कोमट राख भुरभुर पडतेय, फुलं मिटून चाललीत. ती मला म्हणते, "येलाकडं बग गं माजे बाय. करपंल त्यो." मी नऊ वर्षांची. मी दाराची ओली घोंगडी ओढून काढते आणि मांडवावर पसरते. नीट बसली का बघते. मग मांडवाखाली राखण करीत बसते, मोठं काम केल्यासारखी.

तुम्ही आलात ते धुरानं काळवंडलेल्या तोंडानं, धापा टाकीत. दाराकडं बघितलंत, मांडवाकडं बघितलंत, आणि घोंगडी एका हिसक्यात ओढलीत. तिच्याबरोबर वेलही आला, तिन्ही दुधी मातीत. मला एक थोबाडीत दिलीत नि आत धावलात. मी बाहेर वेलासाठी गळा काढून रडत होते. आई त्या दिवशी वाचली, पण पुन्हा परसात आली नाही. पावसाच्या आधीच गेली.

मी साऱ्या गावाला सांगितलं की तुम्ही डोंगर पेटवलात आणि तिचा वेल उपटलात. मामानं तर तेव्हापासून तुमच्या घरचं पाणी सोडलं. दोन्ही खरंच होतं, त्यात एक अक्षर खोटं नाही. तुम्ही समोर बसून ऐकलंत, "पोरीला इचारा, दाराची घोंगडी कुनी काडली," असं एकदाही म्हणाला नाहीत. पुढल्या फाल्गुनात तुम्ही आपला उतार पेटवला नाहीत. मला त्याचं कौतुक नाही. वर्षभर उशीर झाला होता.

काडी तुमचीच होती, आणि त्याचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही. पण घोंगडी मी काढली होती, आबा. हे नवऱ्यालाही आजवर सांगितलेलं नाही. हा कागद धाडायचा तरी कुठं? चुलीत घालणार होते, पण आत माझी धाकटी लेक खोकतेय, तेवढाच आणखी धूर नको. तांदळाच्या कणगीमागं ठेवून देते. बाहेर माझ्या वेलावर राख पडतेय. पडू दे. घरात एकच घोंगडी आहे, ती मी भिजवून दाराला लावलीय.