फुलांच्या सतरा ताटल्यांबाबत

तर नाही म्हणजे नाही, अण्णा. व्यंकटरावाला एकही ताटली मिळणार नाही. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं की नांदेडच्या स्टेशनाजवळचा हॉटेलवाला व्यंकटराव नगाला सहा रुपये द्यायला तयार आहे, तो त्यात भजी वाढणार, आणि आपला गोठा मोकळा होणार. मांसमच्छी खाल्लेली भांडी म्हणून तुम्ही ती घरात येऊ दिली नाहीत. व्यंकटरावाच्या सहा रुपयांना मात्र बाट लागत नाही, ते गल्ल्यात चालतात. थोरले भाऊ म्हणून कार्डावर भांडून तुम्ही ऐकत नाही, म्हणून आता मृत्युपत्राचा कागदच करतो.

मी, भीमाशंकर वीरण्णा निडवंचे, वय वर्षे सव्वीस, धंदा जहाजतोडीची मजुरी, राहणार मौजे नळगीर, तालुका उदगीर, जिल्हा लातूर (नवा जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली तरी हात उस्मानाबादकडंच वळतो, त्यापायी गावी पाठवलेलं एक खोकं महिनाभर तिकडं पडून होतं), हल्ली मुक्काम अलंग, जिल्हा भावनगर, लिहून ठेवतो की माझी अक्कल जागेवर आहे, मी प्यालेलो नाही आणि माझ्या मानेवर कुणी बसलेलं नाही. शाळा पाचवीपर्यंत. कागदाची भाषा उदगीरच्या कचेरीसमोर अर्जनवीस शेषेरावांच्या सतरंजीवर दोन वर्षं बसून शिकलो. काही चुकलं असल्यास त्याचा जाब त्यांच्याकडं मागावा.

सव्विसाव्या वर्षी हे कशाला, असं अव्वा म्हणेल. मागच्या आठवड्यात शेजारच्या जहाजाचा पत्रा वेळेआधी सुटला. खाली दोघे होते. त्यांच्या पत्र्याच्या पेट्या कुठल्या गावी पाठवायच्या हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या अजून मुकादमाच्या झोपडीत आहेत.

कलम पहिले. मी इथं मेलो तर मला जाळू नये. इथं सरसकट जाळतात. मी लिंगायत आहे, मला बसवून पुरावं, गळ्यातलं लिंग हातात द्यावं. गावी न्यायचा खर्च करू नये. जिवंतपणी मला गावी ठेवून घ्यायची कुणाला हौस नव्हती.

कलम दुसरे. पोस्टाच्या पुस्तकात जे निघेल ते आई शिवम्मा, म्हणजे आपली अव्वा, हिचं. अंगठा उठवताना तिच्यासोबत बहीण शांतम्मानं जावं, अण्णांनी नाही. अण्णा, राग धरू नका. अप्पा वारले तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, तुला दुकान पाहिजे का घर? मी म्हणालो, मला हैदराबादचं तिकीट पाहिजे. तुम्ही ते काढून दिलंत, आणि पुढं सगळ्यांना सांगितलंत की भीम्या पळून गेला. हे मी विसरलेलो नाही.

कलम तिसरे, आणि हेच खरं.

गोठ्यात माझ्या मालकीच्या पुढील वस्तू आहेत. ताटल्या सतरा (त्यातली एक इथं माझ्यापाशी आहे, ती या कागदासोबत पाठवतो). फुलदाण्या दोन. झाकणाचं मोठं भांडं एक, त्याच्या झाकणावर मातीचंच गुलाबाचं बोंड आहे. सगळं हातानं रंगवलेलं. इटलीच्या प्रवासी जहाजाची जेवणाची दालनं आम्ही तोडली तेव्हा पोरं या ताटल्या वरून खाली वाळूत फेकत होती, कुणाची लांब जाते म्हणून. पहिली मी झेलली. बाकीच्या खाड्यातल्या, म्हणजे जहाजाचं मोडसामान विकतात त्या बाजारातल्या, दुकानदाराकडून रोजीतून घेतल्या, तीन वर्षांत.

त्यांची फुलं तिकडची आहेत, नावं मला येत नाहीत. मी आपल्या रानातली नावं दिली आहेत. चार ताटल्या जवसाच्या, निळ्या. पाच करडईच्या, काटे धरून. एक कण्हेरीची. बाकीच्या सातांना नाव सापडलं नाही. दिवसभर मी गंजकं लोखंड कापतो. डोळ्यांपुढं तांबडं न् काळं, दुसरा रंग नाही. संध्याकाळी बादलीत एक ताटली धुतली की तेवढं पुरतं. आपल्या घरात फूल फक्त देवाला तोडायचे, नुसतं बघायला कुणी आणलेलं मला आठवत नाही.

आता चुकीबद्दल. ती माझीही आहे. गेल्या दिवाळीला मी ती एक सोडून सगळं बोचकं घेऊन आलो आणि करडईच्या ताटलीत अव्वाला भाकरी वाढली. अव्वानं हात जोडले.

"बाबा, ह्यात काय काय खाल्लं आसंल लोकान्नी. मला घास न्हाई जायचा."

"धुतलीय ना अव्वा, सोड्यानं."

"पितळ आसतं तर राखंनं घासून घेतलं आसतं. मातीला काय करू?"

तुम्ही दारातून म्हणालात, "ज्यानं दुकानात कधी तराजू धरला न्हाई, तो आता साहेबाची उष्टी गोळा करून राहिला." मी ताटली भाकरीसकट जमिनीवर ठेवली आणि तोंडाला येईल ते अव्वाला बोललो. ती त्या दिवशी उपाशी राहिली. मी न सांगता उदगीरची गाडी धरली.

या ताटल्यांच्या मागं, बुडाच्या कडेला, दोन बारीक भोकं आहेत. मला वाटायचं पाणी निथळायला असतील. गेल्या महिन्यात भावनगरच्या जुन्या वस्तूंच्या शेठला माझ्यापाशी ठेवलेली ती एक दाखवली. त्यानं ती उलटी केली, तळाचं नाव वाचलं, इटलीतल्या नोवे गावची आहे म्हणाला, आणि मला विचारलं, "यात जेवलास की काय?" मग हसून सांगितलं, "वेड्या, ही जेवायची नाही. या भोकांतून तार ओवून भिंतीला टांगतात. हिच्यावर जन्मात कुणी घास ठेवलेला नसणार." एकीला पन्नास देतो म्हणाला. मी दिली नाही.

ताटली आहे आणि तिच्यात जेवायचं नाही, हे ना तुम्हाला सुचलं, ना अव्वाला, ना मला. तिघंही एकाच घरचे आहोत.

तर अव्वा, तुला जे बोललो ते मी परत घेतो. ताटल्यांना बाट नव्हती, बाट माझ्या तोंडाला होती. शांतम्मानं कळवलं की बैलं चाऱ्याच्या छावणीत गेल्यापासून तू रिकाम्या गव्हाणीपाशी बसून त्या ताटल्या पदरानं पुसतेस आणि अण्णाला सांगू नको म्हणतेस. आता चोरून पुसायचं कारण नाही.

म्हणून लिहून ठेवतो: सतराही ताटल्या, फुलदाण्या आणि भांडं आई शिवम्मा हिच्या मालकीचं. जागा, पुढची खोली, दारातून आत येणाऱ्याला समोर दिसेल ती भिंत. तिच्या पश्चात शांतम्माचं.

घराचा व दुकानाचा माझा अर्धा हिस्सा थोरले भाऊ मन्मथअण्णा यांना देतो. अट एकच. ताटल्या त्या भिंतीवरून उतरवल्या, विकल्या, किंवा पुन्हा गोठ्यात नेल्या, तर तो हिस्सा त्याच दिवशी शांतम्माचा. ती दुकानात मधोमध दोरी बांधायला कमी करणार नाही, तुम्ही तिला ओळखता.

साक्षीदार: १. ग्यानोबा, राहणार धर्माबाद, गॅसकटर, अंगठा डाव्या हाताचा. साक्षीदाराला मिळकतीतलं काही देऊ नये असं शेषेराव सांगायचे, म्हणून माझा काळा चष्मा आणि हातोडी त्याला आजच दिली. २. किशनराव, राहणार उमरी, मुकादम. वाचून सही केली. "एवढं भांडण कागदावर कशाला, जाऊन दोन थोबाडीत दे न्," असं त्यांचं मत पडलं, ते विचारात घेतलेलं नाही.

सही: भीमाशंकर वीरण्णा निडवंचे
मुक्काम अलंग, दिनांक ९ मे १९८७

खालील मजकूर सहीनंतर लिहिला, तोही माझाच. असे कागद माणूस मेल्यावर उघडतात. हा मिळाल्या दिवशी उघडावा आणि अव्वाला मोठ्यानं वाचून दाखवावा. मी मरायची वाट बघत बसू नये, मला अजून बरीच जहाजं कापायची आहेत. पुढची भिंत मातीची आहे, खिळा धरणार नाही. आधी गिलावा करून घ्यावा, मग सतरा खिळे न् तार. गवंडी तुम्ही बघा अण्णा, पैसे मी बघितले आहेत. मनिऑर्डर आजच केली, अव्वाच्या नावानं: रुपये चारशे दहा.